असईच्या टेबलाला रंग कुठला द्यायचा, आणि नदीचा उतार कुठे लपवायचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. टेबलावर लढाई खेळण्यासाठी २८ मिमीच्या अडीचशे फिगर, म्हणजे छोटे शिपाई, रंगवून झाल्यात, एकीकडे शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपी पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणी, दुसरीकडे इंग्रज सेनापती वेलस्लीचे हायलँडर्स आणि मद्रासचे शिपाई, २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई लावायचीय, टेबल ६ बाय ४ फुटांचं. आणि हिरव्या गवताची चटई, तयार मिळालेली निळी नदी, थर्माकोलच्या दोन टेकड्या, लाल कौलांची चार घरं असं सगळं मांडल्यावर फिगर छान दिसतात पण टेबल भलत्याच देशातलं वाटतं, टेकडीवर शिपाई घसरतात, आणि खेळताना त्या टेरेनमुळे, म्हणजे मांडलेल्या जमीन-नदी-घरांमुळे, काहीच फरक पडत नाही, तर रंग कुठले घेऊ आणि ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात, कसा करू असं तुम्ही फोटो पाठवून विचारलंय.

रंगाचं सांगतेच, सविस्तर सांगते, पण मला वाटतं तुमची खरी अडचण रंगाच्या आधीची आहे. तुम्ही टेरेन सजावट म्हणून मांडलंय. लढाईच्या टेबलावर टेरेनचं पहिलं काम असं की त्या दिवशी त्या सेनापतीला समोर जे दिसलं आणि ज्यावरून त्याने निर्णय घेतला, ते तुमच्या खेळाडूला दिसलं पाहिजे. मुलूख कुठला, महिना कुठला, नदीच्या काठाला उंची किती, पीक उभं आहे का कापलंय, हे एकदा ठरलं की रंग आपोआप ठरतो, नाहीतर मग कितीही महाग रंग आणा, टेबल परदेशातलंच दिसणार.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत ते आधी सांगून टाकते. टेबल कायमचं मांडून ठेवता येत असेल तर वेगळं, जेवणाच्या टेबलावर शनिवारी मांडून रविवारी आवरायचं असेल तर वेगळं. फक्त असईच लावणार की त्याच सामानातून उद्या खडकी किंवा खर्डा पण लावणार, त्यावर तुकडे सुटे करायचे की चिकटवायचे ते ठरतं. आणि नियम कुठले वापरताय यावर गावात किती शिपाई मावले पाहिजेत ते ठरतं. मी स्वतः फ्लॅटमध्ये राहते, सामान कपाटावर चार चपट्या खोक्यांत बसवावं लागतं, त्यामुळे माझं सगळं सुटं आणि चपटं आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी जमीन. मी असईला सप्टेंबरात मुद्दाम गेले होते, भोकरदन तालुक्यात आहे गाव, जालना जिल्हा. तिथली मूठभर माती डबीत भरून आणली, ती डबी अजून माझ्या रंगवायच्या टेबलावर असते. ओली असताना ती जवळजवळ काळी दिसते आणि वाळली की राखाडीकडे झुकणारी तपकिरी, भेगा पडलेली. आपल्याकडे म्हणतातच ना, काळीत शेती आणि पांढरीत वस्ती. हे नुसतं म्हणायचं नाही, तुमच्या टेबलाचे दोन मुख्य रंग याच शब्दांत आहेत. शेताची जमीन काळी, गावठाणाची जमीन पांढरी म्हणजे फिकट, राखट, पिवळसर, पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडून पुन्हा उभी राहून झालेली. तिसरा रंग मुरमाचा, तांबूस पिवळा, तो गाडीवाटेला आणि ओढ्याच्या कडेला. या तीन रंगांवर माझं सगळं दख्खनचं टेरेन उभं आहे.

आता चूक इथे होते की माणसं डबीतल्या मातीचाच रंग जसाच्या तसा चटईला लावतात. मी पण पहिल्यांदा तेच केलं आणि टेबल इतकं काळं झालं की फिगरचे पाय, काळे जोडे, बंदुका सगळं त्यात बुडून गेलं. छोट्या वस्तूवर रंग नेहमी खऱ्यापेक्षा गडद दिसतो, आणि लांबून बघताना मधल्या हवेने रंग फिका होतो तो परिणाम आपल्यालाच आणावा लागतो. म्हणून ओल्या मातीचा रंग फक्त खाचेत, वाळलेल्या मातीचा रंग मुख्य, आणि त्याहून दोन पायऱ्या फिका रंग वरच्या टोकांवर.

रंग आणताना एक काळजी घ्या. पांढऱ्या इमल्शनमध्ये काळा आणि तपकिरी स्टेनर ओतून गडद माती होईल असं वाटतं, होत नाही, कितीही ओता, राखाडीच येतो आणि स्टेनर जास्त झाला की रंग धड वाळत नाही, हाताला लागत राहतो. रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीन असतं, तिथे मॅट इमल्शनचा डार्क बेस मागायचा आणि गडद मातकट शेड एक लिटर करून घ्यायची. हा एक लिटर मला तीन वर्षं पुरला. आणि इथेच तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे: चटई, नदीचे काठ, गावाचे तुकडे, झाडांचे बेस, म्हणजे पायाखालच्या चकत्या, आणि अडीचशे फिगरचे बेस, सगळं याच एका डब्यातून रंगवायचं. तुमच्या फोटोत शिपायांचे बेस हिरवेगार आहेत आणि कडेला पण हिरवी पट्टी आहे. चटई कितीही चांगली केली तरी तो प्रत्येक शिपाई छोट्या हिरव्या बशीत उभा असल्यासारखा दिसत राहणार. बेस पुन्हा करायला जिवावर येतं हे मला माहीत आहे, पण रोज संध्याकाळी वीस केले तरी दोन आठवड्यांत होतात, आणि टेबलाला एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

हिरवा किती ठेवायचा? लढाई सप्टेंबरच्या शेवटची, म्हणजे पावसाळ्याचं शेपूट. एरवी मराठवाडा त्या दिवसांत हिरवा असतो. पण १८०३-०४ हे दख्खनमधलं मोठ्या दुष्काळाचं साल, वर फौजांनी मुलूख तुडवलेला. म्हणून मी हिरवा ठेवते पण पिवळा पडत चाललेला, आणि सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी, ओढ्याकाठी जास्त आणि उघड्यावर कमी. तयार स्टॅटिक ग्रास, म्हणजे चिकटवायचं बारीक धाग्यांचं खोटं गवत, घेणार असाल तर दोन मिमीचं वाळक्या रंगाचं जास्त आणि चार मिमीचं फिकं हिरवं थोडं, दोन्ही आधी एका डब्यात हलवून घ्यायचं. तेजस्वी हिरव्याचं पाकीट आहे ते तसंच ठेवा, कोकणातलं काही लावाल तेव्हा कामी येईल.

चटई विकत घेण्यापेक्षा घरी करा असं मी सांगेन. मांजरपाट पातळ पडतं, जाड कॅनव्हास घ्या, टेबलापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा. त्यावर रंगवता येणारं ॲक्रेलिक सीलंट, म्हणजे खिडकीच्या फटीत भरतात ते, सिलिकॉनचं नको कारण त्यावर रंग बसतच नाही. सीलंटमध्ये चाळलेली बारीक वाळू आणि त्या डब्यातला रंग कालवून पत्र्याच्या पट्टीने पातळ पसरायचं. मला ६ बाय ४ ला पाच ट्यूब लागल्या. वाळूऐवजी मी अर्धी रांगोळी घालते, शिरगोळ्याची पांढरी, ती बारीक आणि एकसारखी असते, २८ मिमीच्या फिगरशेजारी वाळूचा कण दगडाएवढा दिसतो पण रांगोळीचा कण मातीसारखाच दिसतो. दोन दिवस चटई सुकू द्या, मग गुंडाळून ठेवता येते, भेगा जात नाहीत. आणि कापडाची चटई असण्याचा मोठा फायदा म्हणजे तिच्याखाली पुठ्ठे, पातळ वह्या सरकवून जमिनीला हलका चढउतार देता येतो. असईच्या रणात डोंगर नाही, सपाटच आहे, पण सपाट म्हणजे टेबलासारखं सपाट कुठेच नसतं. एवढ्या हलक्या चढावर शिपाई घसरत नाहीत आणि तोफेच्या नजरेआड एखादी पलटण मात्र लपते.

म्हणजे टेकड्या? असईसाठी दोन्ही काढून ठेवा. दुसऱ्या लढाईला लागतील तेव्हा दोनपैकी एक करा. उताराची टेकडी करायची असेल तर एक इंच उंचीला निदान तीन इंच लांबीचा उतार द्या, त्याहून खडा केला की धातूची फिगर घसरणारच, मग बेसखाली लोहचुंबक लावा नाहीतर काही करा. किंवा सरळ पायऱ्यांची टेकडी करा. पायऱ्यांची टेकडी खोटी दिसते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या मुलखाला खरं असेल, आपला डोंगर मुळात पायऱ्यांचाच आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक, ‘डेक्कन ट्रॅप’ मधला ट्रॅप हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. कडा खडी आणि काळी ठेवा, पायरी सपाट आणि गवताळ, त्यावर फिगर आरामात उभी राहते आणि बघणाऱ्याला सह्याद्रीच आठवतो.

एक्सपीएस शीट मिळाली तर टेकड्यांना तीच घ्या, गच्चीवर ऊन अडवायला घालतात ती, थर्माकोलसारखे दाणे निघत नाहीत. पण स्प्रेचा रंग थेट मारू नका, ना थर्माकोलवर ना त्या शीटवर. माझी पहिली मोठी टेकडी, तीन रविवार घालवून केलेली, स्प्रेच्या पहिल्याच हाताला फसफसून आत गेली, डोळ्यांसमोर. आता आधी फेविकॉलमध्ये रंग आणि थोडी वॉल पुट्टी कालवून जाड हात देते, पूर्ण वाळू देते, कुठे उघडं राहिलं नाही ना ते उजेडात फिरवून बघते, आणि मगच पुढचं.

आता नदीकडे येऊ, कारण असई म्हणजे नदी. केळणा दक्षिणेला, जुई उत्तरेला, दोन्ही पुढे पूर्वेला मिळतात आणि मधे जी जिभेसारखी जमीन उरते तिच्यावर लढाई झाली. शिंदे-भोसल्यांची फौज केळणेच्या उत्तर काठाला नदीकडे तोंड करून उभी होती. वेलस्ली दक्षिणेकडून आला, त्याच्याकडे माणसं फार कमी, समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास उतार, म्हणजे नदी चालत ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही. पण त्याला नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं दिसली, इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. त्याने विचार केला की माणसं एवढ्या जवळ, अशी समोरासमोर गावं वसवतात ती जाण्यायेण्याची वाट असल्याशिवाय नाही. तिथे खरोखर उतार निघाला, फौज पलीकडे गेली आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आली. शिंद्यांच्या कंपूंचा सेनापती पोलमन, त्याने मग ते कवायती कंपू काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड करून उभे केले, एक टोक केळणेला आणि दुसरं असई गावाला. एवढी मोठी फौज आणि तोफा ऐनवेळी अशा फिरवणं हे सोपं काम नव्हतं, त्या कंपूंची कवायत किती पक्की होती ते यातून कळतं.

हे सगळं मी यासाठी सांगतेय की तुमच्या टेबलावरची निळी, सपाट, सगळीकडे सारखी नदी यातलं काहीच सांगत नाही. नदी अडथळा झाली ती पाण्यामुळे कमी आणि काठांमुळे जास्त. खडे, मातीचे, कोसळलेले काठ. टेबलाला खड्डा पाडता येत नाही, म्हणून काठ उचलायचे. मी अर्धा इंच जाडीच्या फोमच्या पट्ट्या घेते, पाण्याच्या बाजूने पेपर कटरने खड्या आणि वेड्यावाकड्या कापते, मागच्या बाजूने पॉलिश पेपरने घासत घासत शून्यावर आणते, म्हणजे चटईत मिसळून जातात. पाण्याच्या बाजूला मुरमाचा तांबूस रंग, वर काळी माती, आणि मधे कुठेतरी गवताची मुळं लोंबतात तसा काथ्या. तळाला पातळ पीव्हीसी फोम शीट घ्या. पुठ्ठा किंवा एमडीएफ घेतलात तर पावसाळ्यात धनुकली होते, घ्यायचाच झाला तर रंग खालून आणि वरून दोन्ही बाजूंनी द्या.

पाण्याचा रंग गढूळ. मधे शेवाळी तपकिरी, काठाकडे येताना फिका खाकी, ओल्यात ओला मिसळायचा म्हणजे रेघ राहत नाही. निळा एक थेंबही नको, वर चकाकी आली की आकाश त्यात आपोआप दिसतं. चकाकीला ग्लॉस वॉर्निशचे चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. ओतायचं रेझिन मी वापरत नाही, खेळायच्या नदीला त्याची गरजच पडत नाही, महाग पडतं, कडेने पाझरतं आणि आपल्या दमट दिवसांत माझ्याकडे दोनदा चिकटच राहिलं.

आणि आता उतार. उतार जर वाळूने आणि दगडांनी छान दाखवलात तर खेळ तिथेच संपला, इंग्रजांचा खेळाडू बघणार आणि सरळ तिकडे चालू लागणार. माझ्याकडे केळणेचे सहा तुकडे आहेत, वरून सगळे सारखे, खालच्या बाजूला एकावर पांढऱ्या रंगात ‘उतार’ लिहिलंय. मांडणारा तिसरा माणूस असतो, तो तुकडे लावतो. गावं मात्र टेबलावर एकाच ठिकाणी समोरासमोर ठेवलेली असतात, बाकीची एकएकटी, एका काठाला. ज्या खेळाडूला लढाई आधी माहीत नाही तो टेबलाकडे नीट बघून ओळखतो की नाही ते बघायला मला फार आवडतं. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा आला होता, दहा मिनिटं टेबलाभोवती फिरला, खाली वाकून गावांच्या पातळीवर डोळे नेले आणि म्हणाला, इथे बैलगाड्या जात असणार. माहीत असलेले खेळाडू असतील तर सरळ वेगळी नदी, वेगळी गावं लावा आणि तेच कोडं पुन्हा घाला.

गावाचं बोलायचं तर आधी एक हिशोब करून बघा. लढाईच्या वेळी दोन नद्यांमधली रुंदी साधारण मैलभर, म्हणजे १६०० मीटर. तुमचं टेबल ४ फूट म्हणजे ४८ इंच रुंद, दोन नद्यांना चार-चार इंच गेले, उरले ४०. म्हणजे एक इंच हा ४० मीटर झाला. तुमचा शिपाईच इंचाहून थोडा उंच आहे! मग ते चार इंचाचं घर म्हणजे १६० मीटरचं घर. त्यामुळे टेबलावरचं घर हे एक घर नसतं, ते गावाची खूण असते. असईसाठी साधारण दहा बाय आठ इंचाचा एक सपाट तुकडा करा, कडेला मातीची तटबंदी, एका कोपऱ्यात छोटी गढी, आणि आत तीन-चार सुटी घरं. घरं फिगरच्या मापापेक्षा एक माप लहान घ्या, २८ मिमीला २० मिमीची चालतात, डोळ्याला खटकत नाहीत आणि जागा वाचते. घरं सुटी का, तर पलटण आत शिरली की दोन घरं उचलून बाजूला ठेवायची आणि फिगर तिथे उभ्या करायच्या. तुकड्याची कड हीच गावाची हद्द, त्यावरून कधी वाद होत नाही. आणि असईला गाव महत्त्वाचं आहे, त्या तटबंदीच्या आडोशाला तोफा आणि पायदळ होतं आणि इंग्रजांच्या उजवीकडची ७४ वी हायलँडर पलटण आणि तिच्यापुढचे पिकेट, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, गावाच्या फार जवळ गेले तेव्हा त्यांची अक्षरशः कत्तल झाली. तो तुकडा खेळात तेवढाच भीतिदायक असायला हवा.

तुमची लाल कौलांची घरं मात्र इथे चालणार नाहीत. ते मंगलोरी कौल आहे, बासेल मिशनचा मंगलोरचा कारखानाच १८६५ चा. शिवाय त्या भागातलं घर म्हणजे माळवदाचं, सपाट धाब्याचं, वर मातीचा थर. आहेत त्या घरांची छपरं काढा, आत पुठ्ठ्याचं सपाट छत बसवा, कडेला बोटभर कठडा, पुट्टीने लिंपा, झालं माळवद. झाडांचंही तसंच, फोटोत गुलमोहर दिसतोय, तो मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला, १८०३ मध्ये असईला नव्हता. सुबाभूळ नको, घाणेरीची झुडपंही नकोत. बाभूळ, कडुनिंब, वड, पिंपळ, आणि गावाबाहेर आमराई, एवढं पुरे. झाडं एका आकाराच्या बेसवर सुटी ठेवा, जमिनीचा तुकडा खाली आणि झाडं वर, म्हणजे पलटण आत शिरताना झाडं हलवता येतात आणि आमराईची हद्द जागेवर राहते.

गढीची भिंत कशी रंगवते ते नीट सांगते, कारण यातच सगळी युक्ती आहे आणि बाकीचं मग तुम्हाला जमेल. पुट्टीत चाळलेली रांगोळी कालवून भिंतीला बोटाने लावायची, ब्रशने नाही, बोटाचे फराटे राहू द्यायचे कारण खरी भिंत पण हातानेच लिंपलेली असते. वाळल्यावर मातीच्या त्या डब्यातला रंग सगळीकडे, पातळ करून, खाचांत जाईल असा. मग पिवळी माती आणि पांढरा मिसळून मध्यम रंग, मोठ्या चपट्या ब्रशने, ब्रश जुन्या कापडावर पुसून जवळजवळ कोरडा, आणि वरून खाली नाही तर तिरका फिरवायचा. मग त्याच रंगात आणखी पांढरा घालून फक्त वरच्या कडेला आणि कोपऱ्यांना. आता पाऊस दाखवायचा: बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करायचा, बारीक ब्रशने कठड्याच्या कडेपासून खाली ओघळ सोडायचे, काही लांब काही आखूड, लगेच ओल्या बोटाने खालचं टोक पुसायचं. भिंतीच्या पायथ्याला बोटभर ओलीची गडद पट्टी, तिच्यावर कुठेकुठे हिरवट शेवाळ. अंगणाला सारवणाचा हिरवट पिवळा रंग, तिथे मात्र ड्रायब्रश नको, गुळगुळीत ठेवायचं. दाराच्या बाजूला गेरूचा एक पट्टा ओढला की गावात माणसं राहतात असं वाटायला लागतं.

पिकाला काथ्याचं पायपुसणं. दुसरं काही शोधू नका. कापलं की सरळ तुकडा मिळतो ते जाड काथ्याचं घ्या, हिरवट पिवळ्या रंगाचा पातळ हात मारा, टोकांना स्पंजने फिकट तांबूस टिपके द्या, ज्वारी तयार. ज्वारी पुरुषभर वाढते, तेव्हा खेळाआधीच ठरवा की ज्वारीमागचं पायदळ दिसत नाही, घोडेस्वार दिसतो. हे ठरवणं प्रत्येक तुकड्यासाठी करायचं. आम्ही खेळ सुरू व्हायच्या आधी दोघं मिळून टेबलावरून एकदा बोट फिरवतो, हा ओढा तोफांना ओलांडता येतो का, या आमराईत घोडे शिरतात का, या तटाला आडोसा किती, आणि बोलून झाल्याशिवाय एकही फासा टाकत नाही. याला पाच मिनिटं लागतात. तुमच्याकडे टेरेनचा खेळात उपयोग होत नाही त्याचं कारण बहुतेक हेच आहे, तुकडे आहेत पण त्यांचा अर्थ ठरलेला नाही.

मांडताना नद्या टेबलाच्या दोन लांब बाजूंना लावा, म्हणजे पोलमन फिरल्यानंतर फौजा सहा फुटांच्या बाजूने एकमेकांकडे येतील आणि खेळाडू अरुंद बाजूंना बसतील. मधे हात पोचायला लांब पडतं, म्हणून नदीच्या कडेला उभं राहायला जागा ठेवा आणि त्या कडेला उंच झाडं लावू नका, बाहीत अडकून पडतात.

टिकण्याबद्दल थोडं. वाळू, रांगोळी जे काही चिकटवाल त्यावर शेवटी फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण टिपून सोडा, साबणाने ते खोलवर मुरतं. मग मॅट वॉर्निश, नदी सोडून सगळीकडे. सुकलेल्या काटक्या, भुसा, काथ्या असलं नैसर्गिक सामान वापरण्याआधी चार दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर ऑगस्टमध्ये खोकं उघडल्यावर बुरशी दिसते. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आपण अळीव पेरायचो आणि पाच दिवसांत हिरवळ यायची, त्याची मला इतकी सवय की एकदा आमराईच्या बेसवर खरं बी चिकटवून रंगवलं होतं, आणि त्या पावसाळ्यात त्याला कोंबही आले आणि किडेही झाले. पण किल्ल्यावर शिकलेलं एक मात्र अजून उपयोगी पडतं: चिखल गोण्यांवर थापायच्या आधी वडील आम्हाला खाली जमिनीवर आडवं व्हायला लावायचे आणि मावळ्याच्या डोळ्यांनी दरवाजा कुठे दिसतो ते बघायला सांगायचे. टेबल मांडून झालं की मी आजही खुर्चीवर बसून हनुवटी चटईला लावते आणि पोलमनच्या जागेवरून केळणेकडे बघते.

तुमचा क्रम असा ठेवा: आधी एक लिटर रंग आणि वीस फिगरचे बेस, मग एक फूट बाय एक फूट कॅनव्हासवर चटईचा नमुना, त्यावर ते वीस शिपाई उभे करून दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी फोटो काढा. फोटोत आधी माणसं दिसली आणि मग जमीन, तर रंग बरोबर. उलटं झालं तर वरचा फिका हात अजून एक द्या. तो फोटो इथे टाका, काठांचं आणि गढीचं आपण त्यानंतर बघू.